साहेब, ते रजिस्टर उघडा

सात रस्ता, सोलापूर
३१ ऑगस्ट, विमुक्त दिन

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

आज सकाळपासून शुभेच्छांचे फलक लागले आहेत. संध्याकाळी हारतुरे होतील, भाषणे होतील, सगळ्याच पक्षांची होतील. आम्हाला शुभेच्छा नकोत. महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांच्या दप्तरात विमुक्त जमातींच्या किती माणसांची नावे पाळतीसाठी ठेवली आहेत, कोणत्या कारणाने ठेवली आहेत आणि ती कधी काढणार, तेवढे सांगा. प्रश्न जुना आहे. मोर्चांनी विचारला, निवेदनांनी विचारला, दिल्लीच्या दोन आयोगांनी विचारला, सर्वोच्च न्यायालयाने विचारला. मंत्री सोलापुरात आले की आमच्या सात रस्त्यावरच्या शासकीय विश्रामगृहात उतरतात. तिथे निवेदन स्वीकारले जाते, फोटो निघतो, कागद स्वीय सहायकाच्या हातात जातो. पुढे त्या कागदाचे काय झाले ते कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

मी निवृत्त शिक्षक. नोकरीची बरीच वर्षे सेटलमेंटच्या बाजूच्या पोरांना शिकवण्यात गेली. सोलापूरच्या पत्त्यांत आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे लिहिले जाते. टपाल त्याच नावाने येते, आधार कार्डावर तेच छापलेले असते. त्या ‘फ्री’चा अर्थ तुमच्या खात्याला वेगळा सांगायला नको.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने तो आपल्या मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९२४ साली आणखी आवळला गेला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट, मांग-गारुडी अशा जमातींत जो जन्माला आला तो गुन्हेगार. त्याने काय केले हा प्रश्नच नाही. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा. मुले आईबापांपासून वेगळी काढायचा अधिकार सरकारला होता. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षे, तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळ्या पाण्याची. आणि आपल्या जमातीला गुन्हेगार का ठरवले, हे कोर्टात विचारायची सोय त्याच कायद्याने बंद केली होती. सोलापुरात या माणसांसाठी तारेचे कुंपण घालून सेटलमेंट उभी केली गेली. गिरण्यांना स्वस्त हात हवे होते, ते इथे आयते मिळाले. माणूस कुंपणातून गिरणीत आणि गिरणीतून कुंपणात. या गावच्या कापडाची कीर्ती सांगणारे ही गोष्ट गाळतात.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली गेला, देशातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. नेहरूंनी इथे येऊन तार कापली, असे सेटलमेंटमधली म्हातारी माणसे अजून सांगतात. पण कायदा जाण्याआधीच, १९४७ साली, मुंबई सरकारने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला होता आणि १९५९ साली तो नव्याने आणला. नोंदणी आली, बोटांचे ठसे आले, राहण्याचा पत्ता बदलला तर कळवायचे आले. कागदावर त्यात जमातीचे नाव नाही. पण ज्याच्या बापाची, आजाची हजेरी लागत होती, ज्याच्या वस्तीकडे बीटचा शिपाई डोळे मिटून जातो, त्याचेच नाव ‘सराईत’ म्हणून आधी सापडते. जमाती मुक्त केल्या, माणसे नोंदवलेलीच ठेवली.

आजचे सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मुलाची खासगी कंपनीत सुरक्षा रक्षक म्हणून निवड झाली. पगार बरा, गणवेश मिळालेला, फक्त चारित्र्य पडताळणीचा दाखला द्यायचा राहिला होता. अर्ज एका पोलीस ठाण्यात अडकला. पोरावर एकही गुन्हा नाही, कधी नव्हता. तिथल्या कर्मचाऱ्याने तोंडी एवढेच सांगितले, “तुमचं घर रेकॉर्डवर आहे.” कुणाचे नाव? चुलत्याचे, की आजोबांचे? कोणत्या साली, कोणत्या कलमाखाली? लेखी द्या म्हटले तर, हा गोपनीय कागद आहे, देता येत नाही. कंपनीने महिनाभर वाट पाहिली आणि दुसरा मुलगा घेतला. तो गणवेश अजून त्यांच्या घरात खुंटीला आहे.

त्याच घरातल्या आजीचे एक पाहिले आहे. रात्री उशिरा दार वाजले की ती रेशन कार्ड हातात घेऊन दारात उभी राहते. रेशन कार्ड पाहायला कुणी आलेले नसते. गणपती जवळ आले की येतात, निवडणूक लागली की येतात, शहराच्या दुसऱ्या टोकाला घरफोडी झाली तरी येतात. घरातल्या पुरुषांना भिंतीशी उभे करून मोबाइलवर फोटो काढतात, कोण कुठे कामाला आहे ते विचारतात, जातात. सकाळी सगळी वस्ती त्या घराकडे बघत असते. आजी मात्र कागद दाखवत राहते, कारण तिच्या लहानपणी कुंपणाच्या आत कागद दाखवल्याशिवाय काहीच होत नसे.

बीटच्या शिपायावर माझा राग नाही. त्याला सांगितलेले काम तो करतो, किती जणांना ‘चेक’ केले तो आकडा त्याला वर द्यावा लागतो. चोरी करणाऱ्याला पकडा, पुरावा आणा, शिक्षा करा, त्याला आमची हरकत नाही. चोरी झाली की आधी वस्ती गाठायची आणि नंतर पुरावा शोधायचा, याला हरकत आहे. आणि ज्या कागदावर हे सगळे चालते तो कागद ज्याच्याबद्दल आहे त्यालाच दिसत नाही, याला सर्वांत मोठी हरकत आहे.

कायदा काय म्हणतो ते तुमच्या खात्याला माझ्याकडून शिकायला नको, पण तारखा एकत्र ठेवतो. पाळतीच्या नावाखाली रात्री-अपरात्री घरी जाऊन माणसाला उठवणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने खडक सिंग खटल्यात १८ डिसेंबर १९६२ रोजी सांगितले. माझी हयात संपत आली, ते दार वाजणे थांबले नाही. सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा, अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली केली. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला तेच सांगितले. रेणके आयोगाने २००८ साली अहवाल दिला, त्यात विमुक्त-भटक्या समाजांची संख्या देशभरात सुमारे ११ कोटी धरली. त्यानंतर इदाते आयोगाने १,५२६ जमाती मोजल्या, त्यांतल्या २६९ तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास यांपैकी कुठल्याच यादीत नाहीत. सवलतीच्या याद्यांत ज्यांना जागा नाही, त्यांना पोलिसांच्या यादीत जागा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या पाळतीच्या नोंदीबद्दल, स्पष्ट बजावले, की केवळ मागास, वंचित समाजातून आला म्हणून निरपराध माणसाचे नाव त्यात यांत्रिकपणे टाकता येणार नाही. दिल्ली पोलिसांनी सुधारलेला आदेश पाहून सर्व राज्यांनी आपापली पद्धत तपासावी असे सांगितले, त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. मग ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवताना न्यायालयाने विमुक्त जमातींना मनमानी अटकेपासून वाचवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली.

सहा महिने केव्हाच सरले. महाराष्ट्राने काय तपासले? कोणत्या अधिकाऱ्याने? किती नावे काढली? सोलापूर शहर आणि ग्रामीण मिळून किती? हे आकडे राज्याच्या सुरक्षेचे गुपित कसे असतील?

हे तातडीने विचारण्याचे एक कारण आहे. रजिस्टर आता कागदावर राहिलेले नाही. २०१९ पासून महाराष्ट्र पोलिसांकडे अ‍ॅम्बिस ही संगणक प्रणाली आहे, त्यात ठसे, चेहरा, डोळ्याची बुबुळे साठवली जातात. २०२२ च्या ओळखपटवणी कायद्याने १९२० चा जुना कायदा बाजूला सारला आणि माहिती पंचाहत्तर वर्षे जपून ठेवायची मुभा दिली. २०२४ साली राज्याने ‘मार्व्हल’ नावाची कंपनी काढली, गुन्हे तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी. यंत्राला जे द्याल ते यंत्र शिकते. १८७१ च्या मनाने भरलेली नोंद त्यात गेली तर संगणक तोच संशय परत देईल. आज निदान शिपायाला विचारता येते, ‘साहेब, माझं नाव का?’ उद्या तोही म्हणेल, सिस्टिममध्ये दिसतंय.

जगात हे इतरत्रही झाले आहे. चीनच्या शिनजियांगमध्ये उइघुरांच्या हालचाली, फोन, चेहरे एका प्रणालीत ओतून संशयित ठरवले गेले आणि लाखो माणसे छावण्यांत गेली. आपण चीन नाही, असे तुम्ही म्हणाल. मग लोकशाहीचे उदाहरण घ्या. लंडनच्या पोलिसांनी २०१२ साली टोळीबाजांची एक यादी काढली. तीत बहुसंख्य कृष्णवर्णीय तरुण होते, अनेकांवर काही सिद्ध झालेले नव्हते. २०१८ साली तिथल्या माहिती आयुक्तांनी ती यादी माहिती संरक्षणाचा कायदा मोडणारी ठरवली आणि २०२४ साली पोलिसांना ती बंद करावी लागली. पूर्व जर्मनीची गुप्त पोलीस संघटना श्टाझी तर सगळ्यांना माहीत आहे. १९८९ साली तिच्याकडे सुमारे ९१ हजार पगारी माणसे होती आणि फायली एका रांगेत मांडल्या तर शंभर किलोमीटरहून लांब भरल्या असत्या. पण राजवट कोसळल्यावर जर्मनीने एक गोष्ट केली. डिसेंबर १९९१ मध्ये कायदा करून प्रत्येकाला आपली स्वतःची फाइल वाचायचा हक्क दिला. जानेवारी १९९२ पासून माणसे टेबलाशी बसून वाचू लागली, आपल्याबद्दल कोणी काय लिहिले ते. फ्री कॉलनीतल्या माणसाला मात्र स्वातंत्र्याच्या इतक्या वर्षांनंतरही आपल्या नावाचे पान बघता येत नाही.

२०२१ साली पेगॅसस या पाळतीच्या सॉफ्टवेअरची बातमी आली तेव्हा पत्रकारांच्या, पुढाऱ्यांच्या फोनवरून देशात गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता, मीही लिहिले होते. पण पारध्याच्या पालावर पिढ्यान्‌पिढ्या पाळत आहे, तिथे फोनही लागत नाही आणि बातमीही होत नाही.

संशय पोलीस ठाण्यापुरता राहत नाही, तो समाजात उतरतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारले. मुले पळवणारे आहेत, अशी अफवा होती. ती माणसे भिक्षा मागायला गेलेली, बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडची. भटक्याला पाहिले की आधी चोर म्हणायचे, हे त्या जमावाला कुणी शिकवले? दीडशे वर्षे सरकारी रजिस्टर हेच सांगत आले आहे.

सोलापूर हे हुतात्म्यांचे शहर आहे. मे १९३० मध्ये इथे लष्करी कायदा पुकारला गेला, गांधी टोपी घालणेसुद्धा गुन्हा झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. दर जानेवारीला त्यांच्या पुतळ्यांना सरकारी हार पडतो. ज्या सरकारने त्यांना फासावर चढवले त्याच सरकारने सेटलमेंटला तार घातली होती. त्याचा कायदा गेला, पण त्याचा संशय तुमचे खाते आजही वापरते आहे. हे मी रागाने लिहितो आहे आणि राग आवरायची मला गरज वाटत नाही.

१९५९ चा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्याचे विधेयक येत्या अधिवेशनात मांडा. ते होईपर्यंत थांबायचेही कारण नाही, बाकीचे काम एका शासन परिपत्रकाने होऊ शकते. ज्याचे नाव पाळतीच्या यादीत आहे त्याला ते लेखी कळवा, कारण द्या, पान दाखवा आणि हरकत घ्यायची मुदत द्या. ज्यांच्यावर एकही दोषसिद्धी नाही, जे निर्दोष सुटले, ज्यांची मुले केवळ त्यांची मुले म्हणून नोंदली गेली, त्यांची नावे काढा आणि काढल्याचा दाखला घरपोच द्या. जुनी रजिस्टरे तपासून होईपर्यंत त्यांतली एकही नोंद अ‍ॅम्बिसमध्ये वा मार्व्हलमध्ये जाऊ देऊ नका. गेली असेल तर किती, ते जाहीर करा. चारित्र्य पडताळणीत अर्जदार सोडून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावरून दाखला अडवायचा नाही, असे स्पष्ट लिहा. आणि जिल्हावार आकडे विधिमंडळाच्या पटलावर ठेवा. सुरुवात सोलापूरपासून करा, हे कुंपण इथेच होते.

या पत्राचे उत्तर मला देऊ नका. ज्याचा दाखला अडकला त्या पोराला द्या, मराठीत, लेखी, सही-शिक्क्यानिशी, त्याच्या नावाने. पत्ता सेटलमेंट फ्री कॉलनी. पुढच्या महिन्यात त्याची दुसऱ्या कंपनीत मुलाखत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
सात रस्ता, सोलापूर