दुबार नावे : शिक्षा आहे, फिर्याद कोण करणार?

मुंबई महापालिकेची प्रारूप मतदारयादी नोव्हेंबर २०२५मध्ये आली आणि सुमारे ११ लाख नोंदी दुबार असल्याचे दिसले. तेव्हापासून अंधेरी-बोरिवलीत दोन मते ठासून मांडली जातात. एक पक्ष म्हणतो, कायदा मवाळ आहे. दुबारवाल्यांना सरळ आत टाका. दुसरा म्हणतो, चुका कारकुनी आहेत; फौजदारी कशाला?

पहिल्या पक्षाने आधी कायदा वाचावा. यादीत नाव घालण्यासाठी किंवा काढण्यासाठी जाणूनबुजून खोटे लेखी निवेदन केल्यास १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१नुसार एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसते नाव दोनदा असणे मात्र या कलमात बसत नाही. घाटकोपरची चाळ पुनर्विकासात गेली, बिऱ्हाड मुलुंडला हलले. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ असतो. कुणा कार्यकर्त्याने नवमतदाराचा फॉर्म ६ भरून सही घेतली. ‘माझे नाव अन्यत्र नाही’ हा मजकूर त्या माणसाने वाचलाही नसेल. त्याला गुन्हेगार ठरवणार? मुंबई-दिल्लीतील मतदारांना बजावलेल्या नोटिसांच्या लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच बजावले आहे की, यादीत असलेल्याचे नाव बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिल्याशिवाय काढता येत नाही.

म्हणून दुसरा पक्ष खरा ठरतो का? मुळीच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यात २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी नोंदणीचे ६,८००हून अधिक अर्ज अवैध ठरले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. इतके अर्ज कुणाच्या विसराळूपणातून येत नाहीत. सही करणारा भाबडा आणि अर्जांचे गठ्ठे पाठवणारा, या दोघांना ‘चूक’ या एकाच शब्दाखाली झाकणे म्हणजे दुसऱ्याला अभय देणे.

खरी अडचण शिक्षेच्या मापात नाही, फिर्यादीत आहे. यादीच्या कामात वाजवी कारणाविना कर्तव्यभंग करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ३२नुसार किमान तीन महिने, कमाल दोन वर्षे कैद आहे. पण निवडणूक आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या आदेशाने तक्रार झाल्याखेरीज न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. प्रत्येक पराभूत उमेदवाराने कर्मचाऱ्यांना कोर्टात खेचू नये, यासाठी ही चाळणी हवीच. मात्र खात्यातल्या कसुरीवर खात्याचेच वरिष्ठ मूग गिळून बसले, तर नागरिकाने जायचे कुठे? शिवाय कलम ३१सारख्या एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत साधारणपणे वर्षभराचीच. फिर्याद वेळेत झाली नाही, तर आरोपी सुटू शकतो.

महापालिकेसाठी विधानसभेची यादी प्रभागवार फोडणाऱ्या राज्य निवडणूक आयोगाला नावे वगळता येत नव्हती. म्हणून त्याने संशयित नावांपुढे दोन तारे छापले आणि एकाच ठिकाणी मत देण्याची हमी घेण्याची सोय केली. या सोयीने दुबार मतदान अडू शकते. मूळ यादी साफ होणार नाही.

तेव्हा मागणी नेमकी हवी. गठ्ठ्याने आलेल्या खोट्या अर्जांवर केंद्रीय निवडणूक आयोगाने ठरावीक मुदतीत फिर्याद द्यावी. अधिकाऱ्यावर फिर्याद नाकारली, तर कारणे लेखी आणि जाहीर करावीत. घर बदललेल्या मतदाराला आधी दुरुस्तीची संधी द्यावी. कैदेची मुदत दहा वर्षे केली, तरी फिर्याद नसेल तर ती कुणालाच भोगावी लागणार नाही.