सीमा बंद, फी चालू

भारतात कोविडचा पहिला रुग्ण सापडला तो ३० जानेवारी २०२० रोजी, केरळमध्ये. ती वुहानहून परतलेली वैद्यकीय विद्यार्थिनी होती. पुढच्या दोन वर्षांत आपण रस्त्यावरून चालत जाणारे मजूर पाहिले, ऑक्सिजनसाठी लागलेल्या रांगा पाहिल्या. त्यापुढे बाकी सगळं लहान वाटणं साहजिकच होतं. पण परदेशात शिकणाऱ्या मुलांचं नंतर काय झालं, हे आपण कधी नीट विचारलंच नाही. मी विचारते आहे, कारण त्यांतला एक माझ्या मामाच्या घरी अडकला होता.

अहवालांमध्ये या विषयाला ‘स्टुडंट मोबिलिटी’ म्हणतात. त्याचं मराठीत ‘विद्यार्थी गतिशीलता’ केलेलंही मी वाचलंय. ऐकून वाटतं, मुलांना चाकं लावलीत आणि ती आपोआप इकडून तिकडे चाललीत! खरं तर एक मुलगा जातो म्हणजे बँकेचं कर्ज जातं, आईच्या बांगड्या जातात आणि वर दोन बॅगा.

आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, कारण बाईला डॉक्टर व्हायची सोय इथे जवळपास नव्हतीच. आज कॉलेजं आहेत, आमच्या बेळगावात तर मलेशियाची मुलं डॉक्टर व्हायला येतात. पण सरकारी जागा थोड्या आणि खाजगी फी आवाक्याबाहेरची, म्हणून आपली मुलं चीन, रशिया, युक्रेन, फिलिपाइन्सकडे वळतात. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, २०१८ च्या सप्टेंबरात चीनला गेला तो याच हिशेबाने. २०२० च्या जानेवारीत चिनी नववर्षाच्या सुट्टीला घरी आला. हातात एक बॅग. पुस्तकं, स्टेथोस्कोप, थंडीचे कपडे सगळं हॉस्टेलवर. महिन्याभरात परत जायचं होतं.

तो परत गेला २०२२ च्या अखेरीस.

चीनमध्ये शिकणारे भारतीय विद्यार्थी २३ हजारांच्या आसपास होते, बहुतेक सगळे वैद्यकीयचे. चीनने त्यांना पुन्हा व्हिसा द्यायचं जाहीर केलं २२ ऑगस्ट २०२२ ला. मधली अडीच वर्षं दादा खानापूर तालुक्यातल्या घरातून एमबीबीएस शिकत होता. चीनचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, त्यामुळे तिकडचा आठचा तास म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. खानापूरचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला रेंजचं वेगळं सांगायला नको. दादा छत्री घेऊन माळ्याच्या खिडकीत बसायचा. तिसरं आणि चौथं वर्ष, म्हणजे ज्या वर्षांत पेशंटच्या पोटावर हात ठेवून यकृत कुठे लागतं ते शिकायचं, ती त्याने सहा इंची पडद्यावर काढली. माझ्या आजीच्या पोटावर त्याने बराच सराव केला. आजी म्हणायची, “अरे, माझं काही दुखत नाही, तू मेल्या दुखवशील.” हसायचो आम्ही सगळे. मामी हसायची नाही.

फी मात्र पूर्ण. हॉस्टेलची तेवढी माफ झाली.

आता प्रश्न असा, की अशा शिक्षणावर मिळालेली पदवी मानायची का? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने आधी सांगितलं, ऑनलाइन केलेलं वैद्यकीय शिक्षण मान्य नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये काहीतरी योजना करा म्हटलं, आणि जुलैअखेर आयोगाने एकदाच म्हणून सवलत दिली: शेवटच्या वर्षाला असताना परतलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत पदवी हाती आलेल्यांना इथल्या परीक्षेला बसता येईल, मात्र इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षं.

माझं मत दोन्ही बाजूंना आवडणार नाही. फोनवर शिकलेल्या डॉक्टरकडे मी माझ्या आजीला नेणार नाही. तेव्हा आयोगाचं मूळ म्हणणं बरोबरच होतं, जास्तीची इंटर्नशिपही मला अन्याय वाटत नाही. अन्याय आहे तो हिशेबात. सीमा चीनने बंद केली, फी विद्यापीठाने घेतली, नियम दिल्लीने केला, आणि वाया गेलेल्या वर्षांचं बिल आलं मुलाच्या नावावर. व्याज चालूच होतं.

आणि हे फक्त चीनचं नाही. ३ एप्रिल २०२० ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले, की जे विद्यार्थी स्वतःचा खर्च भागवू शकत नाहीत त्यांनी आपल्या देशी जावं. जे गेले, त्यांच्यासाठी दार उघडलं १५ डिसेंबर २०२१ ला. अमेरिकेने ६ जुलै २०२० ला फर्मान काढलं, की सगळे वर्ग ऑनलाइन असलेल्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेल्या, आठव्या दिवशी फर्मान मागे. म्हणजे विद्यापीठाने मनावर घेतलं तर होतं. कॅनडाने घरून केलेला अभ्यास पुढच्या वर्क परमिटसाठी धरला. म्हणजे सरकारने मनावर घेतलं तरीही होतं.

लशीचा घोळ आठवतो का? कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं. ऑगस्टमध्ये विमान असलेल्या मुलांचं गणित जमेना, तेव्हा जून २०२१ मध्ये त्यांच्यासाठी २८ दिवसांनंतरची मुभा मिळाली. ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती त्यांचं आणखी वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता आली ३ नोव्हेंबरला, सेमिस्टर सुरू झाल्यावर. तोवर अमेरिकेत उतरलेल्या काहींना दुसरी लस नव्याने टोचून घ्यावी लागली. आपण कुठली लस घेतली यावर ॲडमिशन अडेल, असं कोणाच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

नंतर गाडी पुन्हा भरधाव झाली. अमेरिकेत २०२०-२१ मध्ये भारतीय विद्यार्थी घटून १ लाख ६७ हजारांवर आले होते, २०२३-२४ मध्ये ते ३ लाख ३१ हजारांवर गेले. जायलाच हवं, मलाही जायचंय. पण जाताना सही करायच्या कागदात एक कलम मला हवंय: सीमा बंद झाली तर फीचं काय, प्रात्यक्षिकं कुठे, पदवी धरणार कोण. कर्ज देणाऱ्या बँकेनेही तोपर्यंत हप्ता आणि व्याज थांबवायचं की नाही, हे आधी लिहून द्यावं. पुढची साथ येईल तेव्हा येईल. युक्रेनच्या मुलांनी २०२२ मध्येच दाखवलं, की दार बंद व्हायला साथच लागते असंही नाही.

दादा परत गेला तेव्हा त्याची खोली दुसऱ्याला दिलेली होती. सामान पोत्यात भरून तळघरात ठेवलेलं, स्टेथोस्कोपची रबरी नळी कडक होऊन तडकलेली. आता तो इथे परतून स्क्रीनिंग परीक्षेचा अभ्यास करतोय.

मागच्या महिन्यात शहरात परदेशी शिक्षणाचा मेळावा भरला होता. एका स्टॉलवर मी हेच कलम विचारलं. तिथल्या काकांनी माहितीपत्रक उलटंपालटं केलं, मग शिष्यवृत्तीचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि बाबांचा मोबाइल नंबर मागितला.