खारावलेली जमीन आणि धैंचा

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, तेव्हा बारामती-इंदापूरच्या अवर्षणग्रस्त टापूचे दैन्य फिटले असे अनेकांना वाटले. ते पुष्कळसे फिटलेही. परंतु भारी काळ्या जमिनीला बारमाही पाणी देण्याची किंमत लौकरच दिसू लागली. पंचवीस वर्षे लोटतात न लोटतात तोच, १९१० साली, डॉ. हॅरल्ड मॅन आणि ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. म्हणजे हे दुखणे आजचे नव्हे, शंभरी ओलांडलेले आहे.

या जुन्या दुखण्यावर आता वनस्पती आणि बुरशी यांचा उतारा सुचविला जातो. कल्पना मोहक आहे आणि निराधारही नाही. जमिनीतील आर्सेनिक शोषून पानांत साठविणारा एक नेचा २००१ साली शास्त्रज्ञांनी जगापुढे आणला. चेर्नोबिलनजीकच्या तळ्यातील किरणोत्सर्गी द्रव्ये काढण्यासाठी सूर्यफुले वापरून पाहण्यात आली. पण तेथील विष अल्प प्रमाणात होते. आपल्याकडील क्षारांचा हिशेब टनांत करावा लागतो.

तो करून पाहावा. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी उसाच्या एका हेक्टरला वर्षभरात एक मीटर उंचीइतके दिले, असे धरू. ते एक कोटी लिटर भरते आणि त्याबरोबर पाच टन क्षार शेतात येतो. उलट क्षार शोषणाऱ्या झुडपांचे दहा टन वाळलेले पीक कापले आणि त्यात पंचमांश क्षार निघाला, तरी बाहेर गेले दोनच टन. शिवाय तेवढे वर्ष ऊस नाही. केवळ झाडांच्या भरवशावर निचऱ्याचा खर्च टाळू पाहणाऱ्यांनी हे गणित सोडवावे.

मग वनस्पतींचा उपयोग नाही काय? आहे, आणि मोठा आहे. फक्त तो निराळा आहे. खारवट जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर येतो. तेथे निचरा करून मीठ धुऊन काढता येते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेला असतो. अशी जमीन पावसात चिकट, उन्हात दगड, आणि पाणी मुरू देत नाही. येथे धैंचा कामाला येतो. त्याच्या मुळांच्या श्वसनातून निघणाऱ्या कर्बाम्ल वायूने जमिनीतील चुनखडी विरघळते, सुटलेला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि मोकळा झालेला सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊ शकतो. आपल्या काळ्या जमिनीत चुनखडीची वाण नाही. जिप्समचेही काम हेच. मुळांवर वाढणारी मायकोऱ्हायझा बुरशी पिकाला स्फुरद मिळवून देऊन क्षाराचा ताण सोसण्यास मदत करते. आसवनीच्या सांडपाण्याचा काळा रंग काही बुरशी फिका करतात, हे प्रयोगशाळांत सिद्ध झाले आहे. मात्र त्यातील क्षार बुरशी खात नाही, ही गोष्ट सोयीस्कररीत्या विसरली जाते.

सोडियम खाली गेला, तरी पुढे जाणार कोठे, हा प्रश्न उरतोच. चर किंवा सच्छिद्र नळ्या हव्यात. त्यांना ओढ्यापर्यंत वाट हवी. आणि ती वाट शेजाऱ्याच्या बांधातून जाते. एकट्याने केलेला निचरा म्हणजे पुष्कळदा आपले मीठ खालच्याच्या पदरात घालणे असते. एक-दोन एकरांच्या धन्याला हे झेपणारे नाही, आणि जमीन विकायची म्हटली तर चोपणाला गिऱ्हाईक कोण? पाणीवाटपासाठी संस्था काढता येतात, तशा निचऱ्यासाठी का निघू नयेत? बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. सल्ल्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

धैंचाचीही एक अडचण आहे, ती व्याख्यानांत सहसा येत नाही. तो पेरल्यापासून सहा-सात आठवड्यांत, फुलावर येताना गाडायचा असतो. आडसाली लावण जुलैत करायची, तर पेरणी मेमध्ये हवी. आणि मेमध्ये कालव्याच्या आवर्तनासाठी उभ्या उसाचीच ओरड चाललेली असते. अशा वेळी हिरवळीच्या खताला पाणी मागणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज कोण हाती घेणार? उन्हाळी आवर्तनात चोपण जमिनींवरील धैंचासाठी काही पाणी आधीच राखून ठेवावे, एवढी मागणी कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तरी कोणी मांडावी.