दीडशेवर काटा नेणाऱ्यांना जाहीर इशारा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर, मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर आणि गावाच्या मधून जाणाऱ्या साध्या राज्यमार्गावरही काटा दीडशेच्या पुढे नेणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. शेजारी बसून तो काटा मोबाइलवर टिपणाऱ्यांसाठी आहे. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाच्या हातात किल्ली देणाऱ्या आईबापांसाठी तर आहेच. नीट वाचा. हे वाचल्यावर ‘मला कल्पना नव्हती’ असं म्हणायची सोय तुम्हाला राहणार नाही, आणि ती राहू नये म्हणूनच हे लिहिलं आहे.

आधी हिशेब. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. समोरचा अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकाचाही एक सेकंद जातो. त्यानंतर रस्ता कोरडा, टायर चांगले आणि ब्रेक पूर्ण दाबलेला धरला, तरी गाडी साधारण ५५ मीटर पुढे जाऊन थांबते. एकूण ८३ मीटर. तोच अडथळा, त्याच अंतरावरून, १४०ने येणाऱ्या दुसऱ्या चालकाला दिसला असं धरा. त्यानेही एका सेकंदात ब्रेक दाबला. पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे पोचताना ही दुसरी गाडी ताशी सुमारे १०८च्या वेगात असते. ब्रेक लागलेले असतात, चाकं लॉक झालेली नसतात, चालकाचं कौशल्यही कमी पडलेलं नसतं, आणि तरीही ती १०८ने आदळते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकना जिरवावी लागते. गाडी सहा लाखांची असो की दोन कोटींची, हे बदलत नाही.

यातून मिळतं काय? पन्नास किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यावर १००ऐवजी १४०ने गेलात तर नऊ मिनिटंही वाचत नाहीत.

रात्रीचं तर बोलूच नका. हेडलाइटचा खालचा झोत साधारण पन्नास-साठ मीटर रस्ता दाखवतो. म्हणजे शंभरलाच तुम्ही न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी घालत असता. त्या अंधारात काय असतं ते सांगली, सातारा, कोल्हापूरच्या माणसाला विचारा. हंगामात मागचे दिवे नसलेली उसाची ट्रॉली कारखान्याकडे निघालेली असते. तिने दिवे आणि रिफ्लेक्टर लावायलाच हवेत, त्याची जबाबदारी ट्रॉलीवाल्याची आणि कारखान्याची आहे, आणि तो इशारा वेगळा द्यावा लागेल. पण ट्रॉली तिथे असते, हे तुम्हाला माहीत आहे. शिर्डीला पायी निघालेल्यांच्या पालख्या नाशिक महामार्गाच्या कडेने चालत असतात, हे माहीत आहे. कडेला ट्रक लावून स्टेपनी बदलणारा क्लीनर चाकाशी वाकलेला असतो, हेही माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पादचाऱ्याला धडकणाऱ्या गाडीचा वेग ५०वरून ६५ झाला, तर त्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटीने वाढतो. अवघ्या पंधराचा फरक आहे हा. तुम्ही दीडशेच्या गोष्टी करता.

‘रस्ताच त्या वेगासाठी बांधलाय’ हे तुमचं आवडतं उत्तर. समृद्धीची रचना १५०च्या वेगासाठी आहे, हे खरं. म्हणूनच मोटारींची मर्यादा १२० ठेवली आहे, चुकीला थोडी जागा उरावी म्हणून. आणि टायर? तापलेल्या काँक्रीटवर तासभर एकसारखा पळणारा, हवा कमी असलेला, पाच-सहा वर्षं जुना टायर आतून सुटत येतो आणि न सांगता फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तुमच्या गाडीचे कधी वाचलेत? बोरघाटात मोटारींना ६०ची मर्यादा आहे, कारण तिथे उतारावर तापलेल्या ब्रेकचे कंटेनर तुमच्या पुढे आणि मागे असतात.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारच्याच नोंदीनुसार त्यातल्या दहापैकी सातांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता.

आता कायदा ऐका. नुसत्या अतिवेगाचा दंड हलक्या वाहनांना एक ते दोन हजार आहे, आणि तो तुम्ही भरतही नाही. लोकअदालतीत कमी होईल म्हणून ई-चलानं साठवता. तुमच्या लेखी कायदा तिथेच संपतो. तो तिथून सुरू होतो. दुसऱ्यांदा सापडलात तर परवाना जप्त होऊ शकतो. रस्त्यावर शर्यत लावलीत तर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. निष्काळजीपणे माणूस मारलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. आणि माणूस मरू शकतो याची जाणीव असताना गाडी तशी चालवलीत, असं न्यायालयाला पटलं तर कलम १०५, दहा वर्षांपर्यंत. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एका मोटारीने पदपथावर झोपलेले सात मजूर चिरडले. खालच्या न्यायालयाने सहा महिने दिले होते. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं दिली, आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सगळा निकाल त्या जाणिवेवर फिरतो. वरचे परिच्छेद वाचून ती तुम्हाला झालेली आहे.

आपण मेलो तर निदान घरच्यांना पैसे मिळतील, असं कुणाच्या मनात असेल तर तेही सांगते. कर्नाटकात २०१४ साली बेदरकारपणे गाडी चालवताना स्वतःच मेलेल्या माणसाच्या कुटुंबाने ८० लाखांची भरपाई मागितली. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारणाऱ्या निकालात हस्तक्षेप करायला नकार दिला. चूक मरणाऱ्याचीच होती.

आईबापांनो, पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ला काय झालं ते तुम्ही पाहिलंत. सतरा वर्षांचा मुलगा, नोंदणीही पूर्ण न झालेली पोर्शे, आणि दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. जामिनाच्या अटीत लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळे संतापले आणि ते योग्यच होतं. पण त्यानंतर त्या मुलाचे आईवडीलही अटकेत गेले, हे विसरू नका. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड सांगतं, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘हट्टच धरला हो त्याने’ हा बचाव नाही.

आणि शेजारी, मागे बसणाऱ्यांनो, गप्प बसू नका. ‘गाडी हळू घे, नाहीतर मला इथे उतरव’ एवढं बोलायला लाज कसली? पट्टा मागेही लावा. ४ सप्टेंबर २०२२ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची मोटार कठड्यावर आदळली. पट्टे न लावता मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले.

आजवर आम्ही, या रस्त्यांवरून रोज कामाला जाणारी माणसं, तुम्हाला वाट देत आलो. मागून दिवे मारलेत की लेन सोडत आलो, कट मारून गेलात की शिवी घालून विसरत आलो. ते आता बंद. तुमच्या गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण ११२वर कळवलं जाईल. आमच्या गाड्यांमधले कॅमेरे चालू आहेत आणि ते चित्रण पोलिसांना मिळेल. कुणाला उडवलंत तर जखमीला उचलणारे हात आमचेच असतील, आणि पंचनाम्याला, साक्षीला, उलटतपासणीलाही आम्ही उभे राहू. मदत करणाऱ्याला नाव न सांगण्याची मुभा कायदा देतो. आम्ही नाव सांगू, पत्ताही देऊ. मयताच्या घरी पैशाचं पाकीट घेऊन मांडवलीला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवू, आणि त्या घराला वकील लागला तर वर्गणी काढू.

मर्यादेची पाटी आजच्या फेरीपासून पाळा. वेगाची हौस असेल तर बंदिस्त ट्रॅकवर जा, तिथे हेल्मेट आणि रुग्णवाहिका असते. हे जमणार नसेल तर गाडी विका. तिसरा पर्याय आम्ही ठेवलेला नाही.