लंडनमध्ये कोठे जेवावे?

मोहोळच्या स्थानकाबाहेर वडापाव खाताना आम्हांस लंडन आठवते. तेथे साके दीन महोमेद यांनी १८१० साली ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले, ते हिंदुस्थानातून परतलेल्या साहेबांच्या जिभेसाठी. २०१० साली हाउन्स्लोत दोन मुंबईकरांनी वडापाव विकायला घेतला. तेथे मात्र आपली मंडळीच गिऱ्हाईक होती. दोनशे वर्षांत यजमान हिंदीच राहिला, बदलला तो पाहुणा. म्हणून लंडनला निघालेल्या विद्यार्थ्यास आम्ही हाउन्स्लो सुचवू. पण तेथे ‘घरच्या चवी’ने गहिवरू नये. बटाटा मूळचा अमेरिकेचा, पाव पोर्तुगिजांचा. आपण ज्याला आपला म्हणतो त्या घासानेही आधी समुद्र ओलांडला आहे. आमची प्रवासवर्णने परदेशी ताटात काय नव्हते ते सांगतात. ताटात आलेला पदार्थ कोठून आला, हे त्यांनी लिहायला हवे.