यादीतलं भूत

आमच्या सासूबाईंनी एक दिवस जाहीरच केलं, "या घरात काहीतरी आहे गं!"

झालं असं. २०२३च्या दिवाळीत मुलगा बंगळुरूहून आला आणि घर 'स्मार्ट' करून गेला. माणूस बोळातून गेला की दिवा आपोआप लागायचा. महिनाभर शेजारणींनाही कौतुक. मग दिवा रुसायला लागला. रात्री सासूबाई बाथरूमला निघाल्या, की चार-पाच पावलं अंधारात टाकून झाल्यावर उजेड. एकदा तर त्या भिंत धरून खालीच बसल्या. लागलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांनी संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडलं. हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं आणि माझाच मला राग आला.

मुलाला फोन केला, तर "आई, राऊटर बंद करून परत चालू कर." केलं. दहादा केलं. पुढे कळलं, की या यंत्रणेचा रस्ताच वाय-फायपेक्षा वेगळा. तिचं नाव झेड-वेव्ह. आपल्याकडे ती ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलते. राऊटरचा बिचाऱ्याचा दोषच नव्हता.

शेवटी म्हटलं, मला यादी दाखव. यादीत २३ नावं होती. मी वही घेऊन घरभर फिरले, तर उपकरणं भरली १९. मग उरलेली चार कोण?

मुलगा हसला. म्हणाला, "आजी बरोबर बोलत होती. यांना 'घोस्ट' म्हणतात, भुतं!"

मला ते रेशनकार्डावरून समजलं. मुलगी लग्न होऊन गेली तरी कार्डावरचं नाव आपोआप जात नाही, अर्ज देऊन कमी करावं लागतं. इथेही तसंच. बिघडलेलं उपकरण आम्ही काढून कचऱ्यात टाकलं, पण घरच्या मुख्य यंत्राच्या यादीतून त्याचं नाव काढलंच नाही. एक सेन्सर जोडताना पहिल्यांदा अर्धवट जोडला गेला, दुसऱ्यांदा नवा क्रमांक मिळाला, जुना तसाच राहिला. यातली उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. मुख्य यंत्र त्या नसलेल्यांनाही हाका मारतं, उत्तराची वाट बघतं, पुन्हा हाक मारतं. तोवर बोळातल्या दिव्याचा निरोप रांगेत उभा, आणि सासूबाई अंधारात.

एक भूत मुलाने तिथूनच काढलं. बाकीची हटेनात. मग त्याने कुरिअरने पेन ड्राईव्हसारखी एक काडी पाठवली. ती लॅपटॉपला लावली, एक सॉफ्टवेअर उघडलं आणि तो फोनवर सांगेल तसं मी करत गेले. आधी उपकरण जिवंत आहे का विचारायचं, उत्तर नाही आलं की 'काढून टाका' दाबायचं. दोन गेली. चौथं मात्र चक्क उत्तर द्यायला लागलं! शोधलं तर फ्रिजमागचा प्लग. ते भूत नव्हतंच, मीच मोजायला विसरले होते.

त्या रात्री सासूबाई बोळात पाऊल टाकतात न टाकतात तोच दिवा लागला. आता त्या रात्रीच्या जेवणाबरोबर तांब्याभर पाणी पितात.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच. घरात ही यंत्रं बसवतो मुलगा, जावई नाहीतर दुकानदाराचा माणूस. तो जातो निघून. त्या घरात चोवीस तास राहतो आपण, पण पासवर्ड आपल्याकडे नसतो. 'तुला नाही कळणार' हे ऐकायची आपल्याला सवय झाली आहे, आणि खरं सांगायचं तर ते आपल्यालाही सोयीचं वाटतं. मला यातलं विज्ञान कळलं नाही, पण मोजता आलं. मुलाला जे बंगळुरूहून दिसलं नाही, ते मला वहीमुळे दिसलं.

म्हणून मी तीन नियम केलेत. पासवर्ड दुधाच्या हिशेबाच्या वहीत. उपकरण टाकायच्या आधी यादीतून नाव कमी. आणि बोळातल्या दिव्याला हाताने दाबायचं साधं बटण हवंच. ते मी इलेक्ट्रिशियनकडून परत बसवून घेतलं.

मुलगा म्हणाला, "आई, मग स्मार्ट काय राहिलं?"

म्हटलं, "मी!"