कीबोर्ड वर्गातच मागा, दहावीची वाट पाहू नका

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या मराठी आईबाबांना कळकळीची विनंती आहे. तुमचं मूल विचारलं की घडाघडा उत्तर सांगतं, पण वहीत तिसऱ्या ओळीलाच हात आखडतो, शब्द एकमेकांत घुसतात. तज्ज्ञांनी तपासून डिस्ग्राफिया असल्याचं सांगितलंय. मग आता सुलेखनाच्या नव्या वह्या आणू नका. शाळेकडे कीबोर्डची परवानगी मागा. लेखी मागा, आणि याच वर्षी मागा.

‘दहावीला सवलत मिळते, तेव्हा बघू’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. सीबीएसई बोर्डाच्या परीक्षेत वैद्यकीय प्रमाणपत्रावर संगणकावर उत्तरं लिहू देते, तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देते, हे खरं. पण नववीपर्यंत पेन्सिलीशी झगडलेलं मूल दहावीत एकाएकी टाइप कसं करणार? न बघता टाइप करायला बोटांना कित्येक महिन्यांचा सराव लागतो. तो चौथी-पाचवीत सुरू झाला, तर मोठ्या वर्गात लक्ष उत्तरावर राहतं.

आपल्या मुलांवर इथे लिप्यांचाही भार आहे. इंग्रजी, हिंदी आणि 2015 च्या कायद्याने शाळांत आलेली कन्नड. हातात बळ नसलेल्या मुलाला तीन वळणं गिरवायची! यासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकवा. तो विंडोजमध्ये असतोच. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात, आणि भारतीय लिप्यांसाठी मांडणी एकच आहे. देवनागरी ‘क’ ज्या कळीवर, कन्नड ‘ಕ’ त्याच कळीवर. हिंदीसाठी बसलेला हात कन्नडला कामी येतो, आणि आजीला मराठीत चार ओळी लिहायलाही. बोलून टाइप करण्याची सोय घरच्या अभ्यासाला चांगली. चाळीस मुलांच्या गोंगाटात तिचा भरवसा नाही.

शाळेत जाताना रिपोर्टबरोबर आणखी दोन कागद न्या. एका प्रश्नाचं उत्तर मुलाकडून दहा मिनिटं हाताने लिहून घ्या, दुसऱ्या दिवशी तशाच प्रश्नाचं तोंडी सांगायला लावून तुम्ही उतरवून घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की शिक्षकांना फार समजवावं लागत नाही. पत्रात ‘मुलाला सांभाळून घ्या’ असं मोघम लिहू नका. नेमकं लिहा: पाच ओळींपेक्षा मोठं उत्तर टाइप करू द्यावं, फळ्याचा फोटो काढू द्यावा, चाचणीत इंटरनेट बंद ठेवून लॅपटॉप वापरू द्यावा, अक्षरासाठी गुण कापू नयेत.

‘एकाला दिलं तर सगळेच मागतील’ असं उत्तर आलं, तर नमतं घेऊ नका. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अनुसूचीत डिस्ग्राफियाचं नाव आहे. कलम 16 मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू होतं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायला सांगतं. कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. डिस्ग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला नीट परीक्षेत जादा तास नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. 23 नोव्हेंबर 2021 ला न्यायालयाने तो तास तिचा हक्क होता असं ठणकावून सांगितलं, पण तिची परीक्षा पुन्हा घ्यायला नकार दिला. निकाल बाजूने लागूनही गेलेला पेपर परत मिळाला नाही. म्हणून म्हणते, आधी मागा.

सरकारी प्रमाणपत्रासाठी मूल आठ वर्षांचं व्हावं लागतं. निम्हान्ससारख्या ठिकाणी तपासणीला वेळ जातो, तेव्हा नाव लवकर नोंदवा. पण वर्गातली सोय तोवर अडवून धरायचं कारण नाही. तज्ज्ञांच्या रिपोर्टवर शाळा ती आजपासून देऊ शकते. बैठकीत जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ईमेलने मुख्याध्यापकांना कळवा आणि पोच मागा. पुढच्या वर्षी वर्गशिक्षिका बदलली, की पहिल्याच आठवड्यात तोच ईमेल त्यांनाही पाठवा.